चाळीस मिनिटांचा आवाज

नडगी टेबलावर आपटली तेव्हाच मला कळलं, की रविवारी आमच्या खोलीत कोणीतरी डोळस माणूस येऊन गेला आहे.

मिरजेतल्या आमच्या अंध प्रशिक्षण केंद्राचं नाव ‘तेजोदीप’. आंधळ्यांच्या संस्थांना उजेडाचीच नावं का देतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण तिथला एक नियम चांगला होता. खुर्ची, टेबल, बादली, चप्पल, जी वस्तू जिथं आहे ती तिथंच राहायची. आणि त्या सोमवारी माझं नेहमीचं टेबल चांगलं हातभर पुढं सरकलं होतं.

“कोण मेलंय आत?” मी नडगी चोळत ओरडले.

“सॉरी, सॉरी! प्रोजेक्टरसाठी जरा जागा केली,” एक तरुण आवाज आला. “मी चिन्मय मेहेंदळे. पुण्याहून आलोय. तुम्हाला आजपासून लिनक्स शिकवणार आहे.”

“प्रोजेक्टर?” माझ्या मागून दस्तगीर मुजावर आत येत म्हणाला. “आम्हाला काय पिक्चर दाखवणार व्हय?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मेहेंदळे गडबडले. सवयीनं आणला, म्हणाले.

मी चाचपत माझ्या मशीनशी बसले आणि पायाच्या अंगठ्यानं बटण दाबलं. आमचे सीपीयू टेबलाखाली जमिनीवर असायचे आणि ते चालू-बंद करायचं काम आम्ही सगळेच अंगठ्यानं करत होतो. पंखा घुर्र करून सुरू झाला. मी हेडफोन एका कानावर चढवला. दुसरा कान आम्ही खोलीसाठी मोकळा ठेवतो. मग आवाजाची वाट बघत बसले.

आवाज आलाच नाही.

“माझं मेलंय,” पलीकडून कुसुम म्हणाली.

“माझं पण.”

“नाही नाही, सगळी सुरू आहेत,” मेहेंदळे उत्साहानं म्हणाले. “काय सुंदर स्क्रीन आलाय बघा!”

मग दस्तगीरच्या खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. दस्तगीर सतारी बनवणाऱ्यांच्या घरातला, कानाचा तिखट. बोलणारा माणूस कुठं उभा आहे ते त्याला बोटभर इकडं-तिकडं न होता कळायचं. पुढच्या क्षणी मेहेंदळ्यांच्या शर्टाची कॉलर त्याच्या मुठीत होती.

“ए पुणेकर, मशीन बोलंना झालंय. काय केलंस?”

“आवाज... आवाजाची सेटिंग राहिली. एका मिनिटात लावतो. कॉलर सोडा ना प्लीज.”

“धा मशिनी मारल्यास आणि स्क्रीन सुंदर म्हणतोस?”

“दस्तगीर! सोड त्यांना!” दारातून सौदत्तीबाईंचा आवाज आला. बाई केंद्र चालवायच्या. त्यांचा एक शब्द पुरे व्हायचा, तसा तेव्हाही झाला. मूठ सुटली, पण दस्तगीर जागचा हलला नाही.

बाईंनी मग सगळं सांगितलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो ते विकत घ्यायचं तर मशीनपेक्षा महाग पडायचं. म्हणून केंद्र वर्षानुवर्षं त्याच्या फुकटच्या डेमोवर चाललं होतं. डेमो चाळीस मिनिटं बोलायचा आणि मग वाक्याच्या अधेमधे कुठंही गप्प व्हायचा. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की पुढची चाळीस मिनिटं मिळायची. आता देणगीदारांनी डोळे वटारले होते. डेमो असा जन्मभर वापरायचा नसतो, एक तर विकत घ्या नाही तर मुक्त, मोफत मिळणारी सिस्टीम घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी दुसरा मार्ग धरला, म्हणजे हे लिनक्स.

“आणि बँकेची परीक्षा?” मी विचारलं.

“याच मशिनींवर होणार. बँकेकडे बोलणारं मशीन नाही. लिनक्सवरच द्यायची.”

जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत अंधांसाठी कारकुनाच्या दोन जागा निघाल्या होत्या आणि आम्ही पाच जण बसणार होतो: मी, दस्तगीर, कुसुम, राजाराम आणि सदू. महिन्याभरावर परीक्षा आलेली. माझा भाऊ, यशवंतदादा, दिवाळीतच सांगून गेला होता: “ही लागली तर लागली. न्हाई तर सामान बांधायचं आन् गावाला यायचं. तिथं काय, शेंगा फोडायला डोळे लागत न्हाईत.” जत तालुक्यातल्या त्या घराच्या सोप्यात बसून मी आयुष्याची दहा वर्षं शेंगा फोडल्या होत्या. पुन्हा तिथं जाऊन बसण्यापेक्षा मला विहीर बरी वाटत होती. हे मी तेव्हाही मोठ्यानं बोलायचे आणि आजही लपवत नाही.

“महिन्यात नवीन सिस्टीम शिकायची?” मी म्हणाले. “आमच्या बोटांना सगळ्या कीज पाठ आहेत. तुम्ही आमची बोटं कापताय.”

“शालनताई, कीज बऱ्याचशा त्याच आहेत,” मेहेंदळे म्हणाले. “आणि हा आवाज चाळीस मिनिटांनी थांबत नाही. कधीच थांबत नाही. ही सिस्टीम नुसती फुकट नाहीये, ती तुमची आहे. तिच्यात काय बदलायचं ते तुम्ही ठरवायचं. हे स्वातंत्र्य—”

“झेंडा आणलाय का बरोबर?” मी विचारलं.

ते निमूट पहिल्या मशीनकडे वळले. मला फार बरं वाटलं.

त्यांनी प्रत्येक मशीनवर आवाज लावून दिला. लिनक्सचा आवाज पहिल्यांदा कानात आला तेव्हा मी हेडफोनच काढून ठेवला. पडसं झालेल्या माणसानं डब्यात तोंड घालून बोलावं तसा तो बोलत होता. पण तो मराठी वाचत होता. आमचा जुना आवाज गोड असला तरी फक्त इंग्रजी वाचायचा. मी पुन्हा हेडफोन चढवला, एक मराठी पत्र शेवटपर्यंत ऐकलं आणि कोणाला काहीही सांगितलं नाही.

पुढचे आठवडे म्हणजे नुसतं भांडण होतं. मेहेंदळे मन लावून शिकवायचे, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि त्याचाच जास्त राग यायचा. चुकत होते तेही किती! “इथं क्लिक करा,” म्हणायचे. “वरच्या कोपऱ्यात बघा,” म्हणायचे. एकदा कुसुमला म्हणाले, “ते हिरवं बटण.” कुसुमनं शांतपणे विचारलं, “कोणतं हिरवं? पोपटी का शेवाळी?” मग दिवसभर खोलीत तेच चाललं. दस्तगीर त्यांना ‘फुकटचे सर’ म्हणायचा. मी ‘सर’ सुद्धा म्हणत नव्हते. मेहेंदळे, एवढंच. स्वयंपाकघरातल्या मावशींनीही आमची बाजू घेतली आणि त्यांच्या चहात साखर घालायचं सोडून दिलं.

त्यांची खोड अशी, की आम्ही जरा कामात गुंतलो की ते मधे बोलायचे. नवीन काहीतरी आठवायचं, एखादी सोपी युक्ती, आणि त्यांना राहवायचं नाही. त्यामुळं सलग असं काम आमच्याकडून सरावात कधी झालंच नाही. पुढं जे घडलं ते कळायला हे लक्षात ठेवायला हवं.

परीक्षेच्या दिवशी बँकेचे आरवाडेसाहेब आले. त्यांच्या बुटांचा आवाज जड होता आणि बोलणं त्याहून. आल्या आल्या बाईंना म्हणाले, “बघा, वरून आदेश आहे म्हणून मी आलोय. माझं मत विचाराल तर काउंटरवर ही माणसं चालायची नाहीत.”

आम्ही पाचही जण समोर बसलो होतो. डोळे नसले की माणसाला कान पण नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं.

मग त्यांनी नियम सांगितले. वेळ एक तास. कर्जदाराला एक पत्र टाइप करायचं, चुका असलेलं एक पत्र दुरुस्त करायचं आणि ठेवींचा एक तक्ता तयार करायचा. “मधे सुट्टी नाही. मशीन बिघडलं तर बँक आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा घेईल. उमेदवारानं स्वतः मशीन बंद केलं तर पेपर दिला असं समजणार. जेवढं झालंय तेवढ्याचे मार्क. कळलं?”

कळलं होतं.

मेहेंदळ्यांना त्यांनी समोरच्या भिंतीशी खुर्ची दिली आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. पहिल्यांदाच मला आरवाडेसाहेब आवडले.

सुरुवात झाली. मला स्वतःचं कौतुक करायला आवडत नाही, पण त्या दिवशी माझी बोटं सुटलीच होती. पत्र झालं. चुकांचं पत्र कान देऊन दोनदा वाचलं, एकेक चूक वेचून काढली. तक्ता मी नेहमीच शेवटी ठेवायचे, कारण तो मला कंटाळवाणा वाटायचा. दस्तगीर उलटा, तो तक्ता आधी उरकायचा. तो माझ्या शेजारीच होता. रकाना ओलांडायची त्याची टॅबची की जरा घट्ट होती, ती खट्खट् वाजायची. मोकळ्या कानानं मी ती केव्हाच ऐकली होती, आणि ती थांबलेलीही ऐकली होती. त्याचा तक्ता झाला होता, पत्र झालं होतं, दुरुस्तीही संपत आली होती. मी तक्त्याचं शीर्षक टाइप केलं.

आणि माझ्या शेजारी एका मशीनचा पंखा थांबला.

पहिला कोणाचा थांबला, यावर आमचं अजूनही एकमत नाही. दस्तगीर म्हणतो कुसुमचा. मला एवढंच आठवतं, की तो पंखा थांबलेला ऐकला आणि माझ्या बोटांनी आपसूक काम सेव्ह केलं. डावा पाय पुढं गेला, अंगठा बटणावर टेकला आणि दाबून धरला. माझं मशीन बंद झालं. मागं राजारामचं, पलीकडं सदूचं. एकामागून एक पाचही.

छताचा पंखा मात्र फिरतच होता.

“लाइट गेली का?” आरवाडेसाहेब म्हणाले. “नाही, लाइट आहे. मग काय झालं? सगळी कशी बंद पडली?”

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. चाळीस मिनिटं झाली होती. इतकी वर्षं आम्ही असंच जगलो होतो. आवाज मरायच्या आधी काम सेव्ह करायचं, कारण मेल्यावर सेव्ह झालं की नाही ते ऐकू येत नाही. मग मशीन बंद करायचं. एकाचं बंद झालं की बाकीच्यांनीही आपलं आटोपायचं. घड्याळ कोणी बघत नव्हतं, ते अंगातच बसलं होतं. आवाज न थांबणारी सिस्टीम आम्हाला मिळाली आणि आम्ही स्वतःच्या पायानं ती थांबवली.

“मी विचारतोय, काय झालं?” आरवाडेसाहेबांचा आवाज चढला.

“सिस्टीम कोसळली, साहेब,” दस्तगीर ताडकन म्हणाला. “आम्ही आधीच सांगत होतो. फुकटचा माल आहे. आम्हाला जुन्या सिस्टीमवर परीक्षा द्या.”

“खरंय,” राजाराम म्हणाला. “आपोआप बंद पडलं.”

तोंडाशी घास आला होता. पुन्हा परीक्षा, तीही जुन्या सिस्टीमवर, आणि तक्ता मला पहिल्यापासून करायला मिळणार. फक्त मान हलवायची होती.

तेवढ्यात भिंतीकडून मेहेंदळे बोलले.

“साहेब, त्यांचं बरोबर आहे. माझी चूक आहे. ही सिस्टीम अजून तितकी भरवशाची नाही. कधीकधी अशी... सगळीकडे एकदम बंद पडते. यांचा काही दोष नाही. बिचाऱ्यांना पुन्हा संधी द्या.”

हा माणूस आमच्या समोर बसला होता. डोळे होते त्याला. पाच टेबलांखाली पाच पाय पुढं जाताना त्यानं पाहिले होते. महिनाभर ज्या सिस्टीमचे गोडवे गाऊन त्यानं आमचे कान किटवले, तिच्याच तोंडाला तो आमच्यासाठी काळं फासत होता.

“बघितलंत?” आरवाडेसाहेब बाईंना म्हणाले. “आणि उद्या हे बँकेत बसून असंच होणार. मशीन बंद पडलं, बिचारे बसले. काउंटरवर रांग. म्हणून मी म्हणत होतो. देतो पुन्हा परीक्षा, नियम आहे. पण माझा शेरा काय जाणार ते समजून घ्या.”

बिचारे. दोन माणसांनी तोच शब्द वापरला. एकानं मायेनं, दुसऱ्यानं तुच्छतेनं, आणि मला दोन्हींत काडीचाही फरक वाटला नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून उभी राहिले.

“सिस्टीमला काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “आम्ही बंद केली. पायानं. मी स्वतः केली.”

“शालन, खाली बस!” दस्तगीर गुरगुरला.

“शालनताई, असू दे,” मेहेंदळे म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा! तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं? आम्ही सांगितलं? आमची कीव करून स्वतःचीच वस्तू वाईट ठरवता, मग आम्हाला महिनाभर कशाला शिकवली?” मी आरवाडेसाहेबांकडे वळले. “साहेब, आमचा जुना आवाज चाळीस मिनिटांनी मरायचा. म्हणून आम्हाला बंद करायची सवय आहे. हा मरत नाही. चूक आमच्या पायांची आहे. मशीन चालू करून बघा, सगळ्यांचं काम जसंच्या तसं असेल. आम्ही आधी सेव्ह केलंय. तेही पायाइतकंच अंगात मुरलंय.”

मग आरवाडेसाहेबांचे बूट माझ्या टेबलाशी आले. त्यांनी वाकून मशीन चालू केलं आणि स्क्रीनवर काय होतं ते वाचत उभे राहिले.

“आहे,” ते म्हणाले. “पण मग नियम ऐकलात ना? स्वतः बंद केलं म्हणजे पेपर दिला.”

“ऐकला.”

“तुमचा तक्ता झालेला नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्याशी कोणी बोललं नाही. कुसुमनं माझं ताट वेगळं ठेवलं. राजाराम दारातून म्हणाला, “तुला लई खऱ्याची हौस. आमची नोकरी का घालवलीस?” त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. मेहेंदळे मला भेटायला व्हरांड्यात आले, घसा साफ केला आणि तसेच परत गेले.

निकाल लागला. दस्तगीर पहिला आला. दुसरी जागा कुसुमला मिळाली. मी तिसरी होते.

यशवंतदादा दुसऱ्याच दिवशी हजर. त्यानं बाईंना नमस्कार केला, माझी पिशवी माझ्याकडून घेतली आणि म्हणाला, “चल. दुपारची एसटी हाय.”

“मी येणार नाही,” मी म्हणाले.

“नोकरी लागली का?”

“नाही.”

“मग? इथं काय करणार हायस? कोण ठेवून घेतंय तुला? बाई, तुम्ही ठेवून घेताय का?”

केंद्राची ऐपत मला माहीत होती. मी नुसती दाराची चौकट धरून उभी होते.

“ती बँकेत येणार हाय. माझ्याबरोबर,” मागून आवाज आला. दस्तगीर होता. परीक्षेनंतर तो पहिल्यांदाच माझ्याविषयी काही बोलत होता.

“बँकेत? नापास झाली की ती,” दादा म्हणाला.

“झाली. माझ्यामुळं झाली. घाबरून पुन्हा परीक्षा मीच मागितली, पण ती झाली असती तर ही लागली असती आणि मी घरी बसलो असतो; चुका माझ्याच जास्त होतात. हिनं माझा तक्ता झालेला ऐकला होता. खोटं असेल तर सांग, शालन.”

“ऐकला होता,” मी म्हणाले.

“म्हणजे मी पुढं जाणार हे तुला माहीत होतं,” तो चिडून म्हणाला. “आणि तरी बोललीस. मला असले उपकार नकोत, सांगून ठेवतो.”

“उपकार कसले? तू माझ्यापेक्षा जलद आहेस, म्हणून लागलास. दुसऱ्याच्या कीवेवर मला पहिलं यायचं नव्हतं. तू माझ्या डोक्यात पण नव्हतास.”

“हां, हे बरं बोललीस,” तो जरा निवळला. मग दादाच्या दिशेनं वळला. “भाऊ, मी आज आरवाडेसाहेबाला विचारून आलो. बँकेच्या दोन मशिनींना बोलायला कोण शिकवणार? जुना आवाज विकत घ्यायला बँक तयार न्हाई. फुकटचा घालायचा तर घालणार कोण? ते म्हणाले, पुण्याच्या त्या साहेबांना बोलवू. मी म्हटलं, तो माणूस तुमच्यासमोर आपल्याच मशिनीविरुद्ध खोटं बोलला, मी पण बोललो. आम्हाला ती बाई पाहिजे, जी खरं बोलून नापास झाली.”

“मग काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“शिव्या दिल्या. म्हणाले, तिला म्हणावं, सोमवारी ये. आणि बसली की उठू नको, दोन्ही मशिनी बोलेपर्यंत.”

“मला ते घालता येत नाही,” मी म्हणाले. “मला फक्त वापरता येतं.”

“मग शीक की. ते मेहेंदळे अजून इथंच हायत. भांडायला बरी जमती तुला त्यांच्याशी.”

दादाला लिनक्स माहीत नव्हतं, आरवाडेसाहेब माहीत नव्हते. त्याला इतकंच समजलं असावं, की कोणीतरी त्याच्या बहिणीला कामासाठी बोलावलं आहे आणि बोलावणारा तिच्यावर चांगलाच भडकलेला आहे. मायेनं बोलावलं असतं तर तो मला तिथं ठेवून गेला नसता.

“सोमवारी किती वाजता?” त्यानं दस्तगीरला विचारलं.

मी त्याच्या हातातून माझी पिशवी ओढून घेतली आणि मेहेंदळ्यांना हाक मारत मशीनच्या खोलीकडे निघाले.